टाहोच्या काठानं

"तळ्याचं नाव टाहो? कोण रडतंय गं तिथं?"

मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न. मी फोन फिरवून तिला तळं दाखवलं. निळंशार पाणी, काठाला पाइनची उंच झाडं, पलीकडे करडे डोंगर. "छान आहे की. मग असलं नाव कुणी ठेवलं?" मी म्हटलं, "अगं, इंग्रजी नाव आहे ते. रडण्याशी संबंध नाही. रडणार आहे ती मी, उद्या तिसाव्या किलोमीटरला."

माझी दोन्ही विधानं चुकली. नाव इंग्रजी नव्हतं. आणि रडू यायला तिसावा किलोमीटरही लागला नाही, सत्ताविसाव्यालाच काम झालं.

लेक टाहो हे सिएरा नेवाडाच्या डोंगरातलं तळं. अर्धंअधिक कॅलिफोर्नियात, उरलेलं नेवाडा राज्यात. लांबी सुमारे ३५ किलोमीटर, रुंदी १९, काठाचा घेर ११६. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १८९७ मीटरवर. आपल्या कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकावर उभं राहिलात तरी हे पाणी तुमच्या डोक्यावर अडीचशे मीटर असेल. तळ्याची खोली ५०१ मीटर. त्याचा तळसुद्धा महाबळेश्वरच्या उंचीच्या आसपास येतो. काठानं पूर्ण प्रदक्षिणा एका दमात धावणारी माणसं आहेत. त्यांना मी लांबूनच नमस्कार करते. मी धावले ते पश्चिम काठानं, उत्तरेच्या टाहो सिटीपासून दक्षिणेच्या पोप बीचपर्यंत, ४२ किलोमीटर.

मी तिथं पळायला गेले होते, इतिहास शिकायला नाही. पण चढावर पळता येईना म्हणून चालावं लागलं, आणि चालताना रस्त्याकडेच्या पाट्या वाचता आल्या. त्या पाट्यांनी पुढं वर्षभर मला वाचायला लावलं. त्यातून हा लेख झाला.

एक शनिवार

मी सातारची. यवतेश्वरचा घाट लहानपणी चालत चढलेली, पुढं तिथल्या हिल मॅरेथॉनमध्ये पळालेली. त्यामुळे चढाची भीती नव्हती. पण यवतेश्वर-कासचा परिसर हजार-बाराशे मीटरवर, आणि आता मी राहते सॅन होजेत, जवळजवळ समुद्रसपाटीला. टाहोच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे २० टक्के कमी असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्के. पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात पदरात पडतो तो ऑक्सिजन कमी. शरीर यावर उपाय करतं. आधी श्वास आणि हृदयाचे ठोके वाढवतं, मग काही आठवड्यांत रक्तातल्या तांबड्या पेशी. माझ्याकडे आठवडे नव्हते. एक शनिवार होता.

तो मी टाहो सिटीत घालवला. तळ्यातून बाहेर पडणारी एकुलती एक नदी, ट्रकी, तिथून निघते. ती समुद्राला मिळत नाही. नेवाडाच्या वाळवंटातल्या पिरॅमिड लेकमध्ये जाऊन संपते. नदीच्या तोंडाशी एक बुटकं काँक्रीटचं धरण आहे, १९१३ साली पुरं झालेलं. त्यामुळे तळ्याचं वरचं सुमारे सहा फूट पाणी खरं तर धरणाचा साठा आहे. इतकं नैसर्गिक दिसणारं तळं, आणि त्यालाही दरवाजे! हा पहिला धक्का.

दुसरा धक्का धरणाशेजारच्या लहानशा संग्रहालयात. तिथं विलोच्या काड्यांनी विणलेल्या टोपल्या आहेत. काहींची वीण इतकी बारीक की कापड वाटावं. या भागातली सगळ्यात नावाजलेली विणकर म्हणजे वॉशो जमातीची दात्सोलाली, इंग्रजी नाव लुइझा कीझर. ती १९२५ साली वारली. कार्सन सिटीतला एक व्यापारी तिच्या टोपल्या विकायचा आणि उन्हाळ्यात इथं टाहो सिटीत दुकान मांडायचा. मोठ्या हॉटेलात उतरलेले पाहुणे तिला विणताना बघायला यायचे. म्हणजे जे तळं तिच्या लोकांचं होतं, त्याच्या काठावर ती स्वतःच एक बघण्याची गोष्ट झाली होती.

नावाची गोष्ट

वॉशो लोक इथं हजारो वर्षं आहेत. हिवाळ्यात ते पूर्वेकडच्या सखल खोऱ्यांत राहायचे. बर्फ वितळलं की चालत वर तळ्याकाठी यायचे, ट्राउट मासे पकडायचे, वाळवायचे, कंद आणि औषधी वनस्पती गोळा करायचे. शरद ऋतूत पाइन-नट वेचायला परत पूर्वेला. आपल्याकडे धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाआधी देशावर परत फिरतात, तशी ही ये-जा. इथं बारा महिने मुक्काम ठोकायचा नाही, हा त्या जगण्याचा नियम होता.

त्यांच्या भाषेत तळ्याला 'दाआव' म्हणतात. गोऱ्यांच्या तोंडी त्याचं 'टाहो' झालं.

पण हे नावसुद्धा सहजी टिकलं नाही. १४ फेब्रुवारी १८४४ रोजी जॉन फ्रीमाँट या सैनिकी सर्वेक्षकानं दक्षिणेकडच्या एका शिखरावरून हे तळं पाहिलं. लेखी नोंद आहे ती या दिवसापासून. त्यानं तळ्याला बाँप्लाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव दिलं. ते रुजलं नाही. मग कॅलिफोर्नियाचे तिसरे गव्हर्नर बिगलर यांचं नाव लागलं. लोक टाहोच म्हणत राहिले, तरी १८७० साली राज्याच्या विधिमंडळानं कायदा करून 'लेक बिगलर' पक्कं केलं. ते कागदावरून गेलं १९४५ साली. म्हणजे ७५ वर्षं लोकांच्या तोंडी एक नाव आणि सरकारी दफ्तरात दुसरं.

टाहो सिटीपासून दहा-बारा किलोमीटरवर १९६०चं हिवाळी ऑलिंपिक झालं. त्या जागेच्या नावात आदिवासी बायकांसाठीची एक शिवी होती. ती तिथल्या स्की रिसॉर्टच्या पाटीवरून उतरली २०२१ साली.

झाडांचं वय

रविवारी सकाळी कडाक्याच्या थंडीत शर्यत सुटली. पहिले पंधरा-वीस किलोमीटर रस्ता बऱ्यापैकी सपाट, तळ्याला खेटून जाणारा. डावीकडे पाणी, उजवीकडे झाडी. मला इतकं बरं वाटत होतं, की घड्याळाकडे न बघता मी माझ्या सॅन होजेच्या वेगानंच पळत होते. होमवुड गेलं, टाहोमा गेलं. शुगर पाइन पॉइंटच्या रानात १९६०च्या ऑलिंपिकचे क्रॉस-कंट्री स्कीइंगचे मार्ग होते. बायथलॉन हा खेळ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळला गेला तो इथंच.

त्या झाडीकडे बघून मला वाटलं होतं, काय आदिम जंगल आहे! तसं ते नव्हतं. मी पळत होते त्या खोऱ्यातली बहुतेक झाडं सव्वाशे-दीडशे वर्षांपलीकडची नाहीत. आधीचं जंगल जमिनीखाली गेलं.

अक्षरशः जमिनीखाली. १८५९ साली तळ्याच्या पूर्वेला, डोंगरापलीकडे, कॉमस्टॉक नावाची चांदीची प्रचंड मोठी शीर सापडली. व्हर्जिनिया सिटी हे शहर रातोरात उभं राहिलं. अडचण अशी होती की चांदीचा थर खूप रुंद आणि आजूबाजूचा खडक ठिसूळ. नेहमीच्या पद्धतीनं खांब लावले तर खाण कोसळायची. १८६० साली फिलिप डायडेसहायमर या जर्मन अभियंत्यानं तोड काढली: जाडजूड लाकडांच्या चौकोनी चौकटी एकावर एक, एकाशेजारी एक, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रचत जायच्या. खाण हवी तितकी रुंद आणि खोल नेता येऊ लागली. फक्त त्यासाठी लाकूड लागत होतं, अख्खंच्या अख्खं जंगल. वर खाणीतलं पाणी उपसणाऱ्या वाफेच्या इंजिनांना जळण हवं, ते वेगळंच.

१८७३ साली डुएन ब्लिस आणि त्याच्या भागीदारांनी लाकडाची मोठी कंपनी काढली. तळ्याकाठची झाडं पाडायची, ओंडक्यांचे तराफे करून आगबोटीनं पाण्यावरून ओढत पूर्व काठाला न्यायचे, तिथल्या गिरण्यांत कापायचे, छोट्या रेल्वेनं खिंडीत चढवायचे आणि पलीकडे लाकडी पन्हळीतून पाण्याच्या जोरावर खाली सोडायचे. पंचवीस वर्षं हे चाललं. चांदी आटली, झाडंही संपली, आणि १८९८च्या सुमारास गिरण्या थांबल्या.

पुढचं मला सगळ्यात विलक्षण वाटतं. ब्लिस कुटुंबानं त्या छोट्या रेल्वेचे रूळ उखडले, तळ्यावरून पलीकडे नेले आणि टाहो सिटीपर्यंत पर्यटकांची गाडी आणण्यासाठी पुन्हा टाकले. स्टेशनजवळ भव्य हॉटेल बांधलं. दात्सोलालीला बघायला येणारे पाहुणे यायचे ते याच रुळांवरून. जंगल विकून झाल्यावर देखावा विकायचा. आणि १९२९ साली याच कुटुंबानं काही जमीन राज्याला उद्यानासाठी दिली. माझ्या शर्यतीचा मोठा चढ त्याच उद्यानाच्या आसपास सुरू होतो. पाटीवर नाव आहे डी. एल. ब्लिस स्टेट पार्क. झाडं पाडणाऱ्याच्या नावानं आज झाडं राखली जातात.

ब्लिसला खलनायक करणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. त्याच्या काळात जंगल हा माल होता आणि तो न उचलणारा वेडा ठरला असता. मार्क ट्वेनसुद्धा १८६१ साली इथं लाकडाच्या जमिनीवर हक्क सांगायलाच आला होता, आणि शेकोटी हाताबाहेर गेल्यानं त्यानं काठचं रान पेटवून दिलं. हे त्यानंच 'रफिंग इट' या पुस्तकात लिहून ठेवलंय.

मीक्स बे

सतराव्या-अठराव्या किलोमीटरला मीक्स बे लागला. वाळूचा छोटा किनारा आणि रस्त्यापलीकडे मोठं कुरण. कुरणाचं वॉशो नाव मायाला वाता. पाण्याच्या टेबलाजवळ मी जेमतेम दहा सेकंद थांबले. आज वाटतं, थोडं जास्त थांबायला हवं होतं.

चांदीच्या काळात वॉशोंची जमीन गेली, पण ते गेले नाहीत. पांढऱ्यांच्या घरी मोलमजुरी करत, टोपल्या विकत ते उन्हाळ्यात येत राहिले. तळ्यातले त्यांचे ट्राउट मासे बेसुमार मासेमारी, नद्यांवरचे बांध आणि बाहेरून आणून सोडलेले मासे यांमुळे १९३०च्या दशकाच्या अखेरीस इथून नाहीसे झाले. पूर्व काठावर केव्ह रॉक नावाचा खडक आहे, वॉशोंसाठी अत्यंत पवित्र. त्यातून १९३१ साली रस्त्याचा बोगदा काढला गेला आणि १९५०च्या दशकात दुसरा. जमातीनं १९५१ साली जमिनीसाठी सरकारवर दावा केला. १९७० साली सुमारे ५० लाख डॉलर मिळाले. जमीन नाही.

१९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन तळ्याच्या प्रदूषणावरच्या परिषदेसाठी टाहोला आले. त्या वेळी वॉशो प्रतिनिधींनाही त्यांच्यासमोर आपलं म्हणणं मांडता आलं. त्यानंतर मीक्स बेचं रिसॉर्ट चालवण्याचा परवाना जमातीला मिळाला आणि कुरणाची देखभालही तिच्याकडे आली. मालकी सरकारचीच, पण शंभरहून अधिक वर्षांनी तळ्याकाठी पाय ठेवायला हक्काची जागा झाली. कुरणात घुसलेले पाइन काढून, मोजकी, आवरलेली आग लावून पूर्वीच्या वनस्पती परत आणायचं काम तिथं चालू आहे. केव्ह रॉकवर दोर लावून चढण्यावर बंदी आली. ती न्यायालयात गेली आणि २००७ साली अपिलातही कायम राहिली.

आग लावून रान राखणं, हे ऐकायला उलटं वाटतं. पण तोडीनंतर एकाच वयाची, दाटीवाटीची झाडं वाढली आणि पुढं शंभर वर्षं प्रत्येक वणवा तातडीनं विझवला गेला. जळण साठत राहिलं. २०२१च्या ऑगस्टमध्ये काल्डोर वणवा डोंगरमाथा ओलांडून टाहोच्या खोऱ्यात उतरला, तेव्हा दक्षिण काठावरचं अख्खं शहर रिकामं करावं लागलं. छोट्या आगी लावत राहणारी माणसं हाकलल्याची किंमत अशी दीडशे वर्षांनी आली.

घाट

सत्ताविसावा किलोमीटर. रस्ता तळं सोडून वर चढू लागला, आणि माझ्या पायांतला जीव गेला. पोटऱ्या ठीक होत्या. दम नव्हता. कितीही ओढून घेतला तरी श्वास पुरा पडेना. यवतेश्वरला आई सांगायची, "पहिल्या वळणावर जोर करायचा नाही, आणि चढावर बोलायचं नाही." दुसरं मी पाळलं, बोलायला हवाच नव्हती. पहिलं मात्र अर्ध्या शर्यतीपूर्वीच मोडलं होतं. सपाटीवरच्या चैनीचं बिल आता आलं होतं. डोळे भरून आले आणि मी चालू लागले.

या तळ्याच्या दक्षिणेला, जवळच, एको समिट नावाची खिंड आहे. पातळ हवा कुणाला काय करते, हे जगानं बघितलं त्याची तयारी तिथं झाली होती. १९६८चं ऑलिंपिक मेक्सिको सिटीत, सुमारे २२४० मीटरवर होतं. अमेरिकेनं तेवढीच उंची शोधली आणि एको समिटला २२४९ मीटरवर, चक्क रानात, झाडं उभी ठेवून त्यांच्याभोवती धावण्याचा ट्रॅक टाकला. सप्टेंबर १९६८मध्ये पुरुषांची निवडचाचणी झाली ती तिथं. ली इव्हान्सनं ४०० मीटर ४४.० सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस तिथंच सराव करत होते. वर्णभेदाच्या निषेधार्थ ऑलिंपिकवर बहिष्कार घालायचा का, हा वाद काळ्या खेळाडूंमध्ये त्या वर्षभर चालू होता. बहिष्कार झाला नाही. १६ ऑक्टोबरला मेक्सिकोच्या पोडियमवर दोघांनी काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली. तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल.

पातळ हवेनं वेगवानांना मदत केली. हवेचा अडथळा कमी, आणि थोड्या सेकंदांच्या शर्यतीत ऑक्सिजनची फारशी गरजही नाही. लांब पळणाऱ्यांना मात्र तिनं सोडलं नाही. ऑस्ट्रेलियाचा विक्रमवीर रॉन क्लार्क १०,००० मीटरनंतर कोसळला आणि त्याला ऑक्सिजन द्यावा लागला. मॅरेथॉन जिंकली ती इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातल्या मामो वोल्डेनं, २ तास २० मिनिटं २६ सेकंदांत. चार वर्षांपूर्वी टोकियोत त्याच्याच देशाच्या अबेबे बिकिलाला २ तास १२ मिनिटं लागली होती. म्हणजे उंचीवर जन्मलेल्यालाही सूट नाही. त्यानं फक्त किती खर्च करायचा ते ओळखलं.

एको समिटचा तो ट्रॅक नंतर उचलून खाली टाहोकाठच्या शाळेत नेला. आता तिथं पाटी आहे.

चढाच्या माथ्यावर एमराल्ड बे दिसतो. खाली हिरवंनिळं पाणी, मध्ये तळ्यातलं एकमेव बेट, काठावर १९२९ साली बांधलेला स्कँडिनेव्हियन धाटणीचा वाडा. सगळे फोटो काढत होते, मीही काढला. माझ्या बोटांखालच्या कठड्याला पांढरी बारीक धूळ चिकटलेली होती. या धुळीचा अर्थ मला नंतर कळला.

पांढरी थाळी

त्याच १९६८ साली शास्त्रज्ञांनी टाहोच्या पाण्याची पारदर्शकता नियमित मोजायला सुरुवात केली. पद्धत साधी: जेवणाच्या थाळीएवढी पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडायची आणि ती कुठवर दिसते ते नोंदवायचं. त्या वर्षी सरासरी ३१ मीटर खोलवर दिसत होती. अलीकडे ती साधारण २० मीटरच्या आसपास दिसेनाशी होते. बराचसा दोष आहे तो रस्ते आणि वस्त्यांवरून वाहून येणाऱ्या, पाण्यात तरंगत राहणाऱ्या अतिबारीक कणांचा. म्हणजे मी ज्या रस्त्यावरून 'किती सुंदर' म्हणत पळत होते, तो रस्ता आणि त्यावरून गाडीनं आलेली मी, दोघंही त्या हिशेबात आहोत.

म्हणून पुढं टाहोला जायचंच नाही, असं मी ठरवलेलं नाही. पण तिथं जाऊन 'अस्पर्श निसर्ग' असं फोटोखाली लिहिणं मात्र मी सोडलं. त्या तळ्याला स्पर्श झालेला आहे, फार वेळा. प्रश्न एवढाच असतो की कोण किती घेऊन परत फिरलं. वॉशो शरद ऋतूत परतायचे. चांदीवाले सगळं संपल्यावर गेले. आम्ही हौशी लोक दर शनिवार-रविवारी येतो.

पोप बीचला पोहोचायला मला पाच तास सतरा मिनिटं लागली. ठरवलं होतं त्याहून चाळीस मिनिटं जास्त. उतारावर गुडघे ओरडत होते, पण शेवटचे काही किलोमीटर सपाट होते आणि दमही थोडा परत आला होता. त्या संध्याकाळी आईला फोन केला, तेव्हा साताऱ्यात सकाळ होती. ती चहा घेत होती.

"मग, कोण रडत होतं?"

"मी. आणि नाव इंग्रजी नाहीये, माझं चुकलं. तिथल्या मूळ लोकांचं आहे."

"अर्थ काय त्याचा?"

"तळं."

"तळ्याचं नाव तळं?"

"हो."

"मग बरोबर आहे की," आई म्हणाली. "गावात एकच असलं की तसंच म्हणतात."